ठिपका नसलेली गाडी

गाडी मी निवडली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाचा यावर घोळ नको. माझ्या नवऱ्याला, तुषारला, इलेक्ट्रिक हवी होती, माझ्या सासऱ्यांना डिझेलची हवी होती, जी आता कुठे मिळतच नाही, आणि आमच्या लेकीला, ऊर्वीला, लाल रंगाची हवी होती. मी हायब्रिड म्हटलं आणि हायब्रिडच आली. मी वीज खात्याच्या भार नियंत्रण केंद्रात काम करते. त्यामुळे बॅटरी, चार्जर, वीज असा कुठलाही विषय निघाला की आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो.

शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही सात माणसांच्या, दोन्ही उंच, दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, चौतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. ते इलेक्ट्रिकच्या बोनेटला कान लावून उभे होते.

"आवाजच नाई," ते म्हणाले. "मंग गाडी जित्ती हाय का मेली, समजाचं कसं?"

"आवाज नाई म्हणूनच तर घ्याची, बाबा. धूर बी नाई," तुषार म्हणाला आणि त्यानं ऊर्वीकडे पाहिलं. ऊर्वी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला दमा आहे. तिच्या दप्तरात डब्याच्या कप्प्यात औषधाचा पंप असतो. "केतकी, हायब्रिडले पेट्रोलचं इंजिन हाय. या लेकराच्या नाकापाशी कायले आणाचं ते?"

"उभी असली की ती बॅटरीवरच असते," मी म्हटलं. "पार्किंगमध्ये धूरबिर काही नाही. उभ्या उभ्या ती इलेक्ट्रिकच समज."

हे अर्धं खरं होतं. अर्धं खरं बोलून वाद जिंकायची मला वाईट खोड आहे, आणि तुषारला माझ्यावर विश्वास ठेवायची. तो कूलरचा कारखाना चालवतो. पंप, मोटर, पंखा यातलं त्याला सगळं कळतं, पण मी ठामपणे काही बोलले की तो पुढे तपासत नाही. मी पुढे घाटरस्ता, लांबचा प्रवास, जुनी गाडी विकताना मिळणारी किंमत अशी चार कारणं सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "घे बापा, तुही गाडी, तुहं राज्य."

खरं कारण मी त्याला सांगितलंच नाही.

ते कारण असं. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी चांगली दणकट असते. आमच्या आकाराच्या गाडीत नव्वद युनिट वीज मावते, एका घराला आठवडाभर पुरेल इतकी. अकोला जिल्ह्यात आता अशा तीस हजार गाड्या आहेत. त्या सगळ्यांची वीज एकत्र केली तर अख्खं शहर एक रात्र चालेल. म्हणून पाच वर्षांपूर्वी शेजार योजना आली. गाडी चार्जरला लावून ठेवायची. विजेची चंगळ असेल तेव्हा ती भरते, आणि वीज कमी पडली की तिच्यातली वीज उलट तारांमध्ये येते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो तसंच, असं जाहिरातीतली हसरी बाई सांगायची. बॅटरी अर्ध्याच्या खाली कधी जाऊ देणार नाही, असंही ती सांगायची.

ती जे सांगत नव्हती ते कराराच्या चौदाव्या पानावर होतं. सगळीकडचा पुरवठा कोसळला तर लाल आदेश निघतो. लाल आदेश लागला की गाडी स्वतःची मोटर आणि एसी बंद करते आणि न विचारता पाच टक्क्यांपर्यंत रिकामी होते. ती वीज दवाखान्यांना आणि पाणीपुरवठ्याला जाते. यात चुकीचं काही नाही. दवाखान्यात श्वास मशीनवर चालणारी माणसं असतात. पण ते बटण दाबायला कुणीतरी लागतं, आणि आमच्या जिल्ह्यात माझ्या पाळीत ते बटण मी दाबायचं होतं.

केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर चार्जरला लावलेली प्रत्येक गाडी हिरवा ठिपका म्हणून दिसते. ठिपक्यात एक आकडा असतो, गाडीत किती माणसं बसली आहेत त्याचा. सीटखालच्या वजनावरून तो कळतो. प्रशिक्षणाच्या दिवशी तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला. उद्या एखाद्या ठिपक्यात ऊर्वी बसलेली असेल आणि मला बटण दाबावं लागेल, हा विचार डोक्यातून जाईना. हायब्रिडची बॅटरी छोटी, दीड युनिटाची. तिला चार्जर लागत नाही, ती योजनेत बसत नाही, पडद्यावर तिचा ठिपका नसतो. तिला कुणी हात लावू शकत नाही. मीसुद्धा नाही. म्हणून मी ती घेतली.

त्याच वर्षी आमच्या सोसायटीत अकरा इलेक्ट्रिक गाड्या आल्या. आमच्या शेजारच्या मोहोड काकूंनी तर मला विचारून घेतली. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका, विचारल्याशिवाय काही करत नाहीत. "तू त्याच खात्यात हायेस, तुले आतलं मालूम. सांग, घ्याव का?" मी म्हटलं, छान आहे काकू, घ्या. चौदावं पान मी त्यांना दाखवलं नाही. लोकांना ते पान कळलं तर लोक गाड्या चार्जरला लावणारच नाहीत आणि ऐनवेळी काहीच हाती लागणार नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. आज लिहिताना लाज वाटते.

आता उन्हाबद्दल सांगायला हवं. अकोल्याचं ऊन म्हणजे काय ते अकोल्याबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पण आपलं ऊन कोरडं आहे म्हणून माणूस जगतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं आणि ते खरंही होतं. घाम येतो, वाळतो, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. तुषारचे कूलर त्याच युक्तीवर चालायचे. पण हवेतच ओल भरली तर घाम वाळत नाही. मग कूलर नुसता दमट वारा फेकतो आणि माणूस आतल्या आत शिजतो. गेली चार-पाच वर्षं समुद्रावरचा ओला वारा मे महिन्यातच वऱ्हाडात शिरायला लागला आहे. तुषारचा धंदा त्यानंच बसला. बिचाऱ्यानं गॅलरीत दोन थर्मामीटर टांगले होते, एक साधा आणि एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेला. हवा सुकी असेल तर ओल्या फडक्याचा पारा बराच खाली राहतो. तो वर चढायला लागला की समजायचं, घाम कामाचा राहिला नाही. तीसच्या पुढे म्हाताऱ्यांना धोका. पस्तीसला पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जातो.

त्या बुधवारी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सात वाजता ओल्या फडक्याचा पारा एकोणतीसवर होता.

"आज कारखाना बंद ठेवतो," तुषार म्हणाला.

मी चप्पल घालता घालता सूचना देत होते. "वीज गेली तर वर थांबू नका. सातवा मजला, भट्टी होईल. खाली पार्किंगमध्ये जा आणि गाडीत एसी लावून बसा. शटर खाली घ्या. जाळ्यांना ओल्या चादरी लावा, फट राहू देऊ नका."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक घरात हेच होतं. अकरा वाजले की दारं-खिडक्या बंद, तावदानांवर ओल्या चादरी, दाराखालच्या फटीत ओलं पोतं. गरम वाऱ्याला शिरायला जागा ठेवायची नाही. माझी आई हे करायची, तिची आई करायची. आमचं पार्किंग अर्धं जमिनीखाली आहे, एका बाजूला शटर, तीन बाजूंना वरती लोखंडी जाळ्या. उन्हाळ्यात सोसायटीची माणसं त्या जाळ्या चादरींनी झाकतात आणि आत खरंच गारवा राहतो.

"हो बाई, समजलं," तुषार म्हणाला. "आम्ही काय काल आलो अकोल्यात?"

दुपारी एक वीसला मुख्य वाहिनी पडली. मग दुसरी. पुढच्या चार मिनिटांत आमच्या पडद्यावरचा अर्धा महाराष्ट्र काळा झाला. माझ्याबरोबर पाळीत तायडे साहेब होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, उन्हाळाभर शर्टाच्या खिशात कांदा ठेवणारा सज्जन माणूस. ऊन बाधू नये म्हणून कांदा ठेवायचा, आणि बसायचं एसीच्या खोलीत. मी त्यांना नेहमी चिडवायचे. त्या दिवशी कुणी कुणाला चिडवलं नाही.

तुषारशी माझं शेवटचं बोलणं दोन वाजता झालं. "खाली आलो, गाडीत बसलो," तो म्हणाला. "ऊर्वी मस्त हाय. सारी सोसायटी खालीच हाय, आपापल्या गाडीत. जत्रा भरली." सव्वादोनला मोबाइलचे मनोरे बंद पडले.

दोन चाळीसला लाल आदेश आला.

पडद्यावर आमची सोसायटी शोधायची नाही असं मी ठरवलं होतं आणि तीच आधी शोधली. अकरा ठिपके, गुच्छासारखे. चार, तीन, दोन, पाच, दोन. मी बेरीज केली. एकतीस माणसं. मोहोड काकूंच्या ठिपक्यात दोन, म्हणजे काका-काकू. आमच्या गाडीचा ठिपका नव्हता आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. हे मी लपवत नाही. एकतीस माणसांचा एसी मी बंद करणार होते, आणि तरी माझी लेक त्यात नाही म्हणून मला बरं वाटलं.

एखादी गाडी वगळायची सोय तिथे नाही. मुद्दामच ठेवलेली नाही, म्हणजे माझ्यासारखी बाई आपली माणसं वगळणार नाही. मी दोन चव्वेचाळीसला बटण दाबलं.

जिल्ह्यातले सगळे ठिपके लाल झाले. सरकारी दवाखाना उजळला, पाण्याचे पंप उजळले. तायडे साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी आमच्या अकरा ठिपक्यांकडे पाहत राहिले. पाच मिनिटं आकडे तसेच होते. मग चाराचा तीन झाला, तिनाचा शून्य. काकूंच्या दोनाचा एक, मग शून्य. गाडी तापली की माणूस बाहेर पडणारच. तीन वाजेपर्यंत अकराही ठिपक्यांत शून्य होतं.

कुठे गेली असतील एवढी माणसं, असं मी मोठ्यानं म्हणाले. वर घरात जाणार नाहीत. बाहेर चव्वेचाळीस डिग्री आणि ओला पारा बत्तीसवर. पार्किंगमध्ये एकच गाडी अजून गार होती.

तुषार कुणाला नाही म्हणणारा माणूस नाही. त्यानं लेकरांना आधी आत घेतलं असणार, मग म्हाताऱ्यांना. सात माणसांच्या गाडीत बारा-पंधरा. उरलेल्यांना वारा लागावा म्हणून दारं उघडी ठेवली असणार आणि एसी पूर्ण सोडला असणार.

मग मला ते इंजिन आठवलं. आणि भीती म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं.

हायब्रिडची बॅटरी दीड युनिटाची. तेवढ्यावर एसी अर्धा-पाऊण तास चालतो. मग गाडी आपलं इंजिन आपणच सुरू करते, बॅटरी भरते, बंद करते, पुन्हा सुरू करते. नवीन गाड्यांत ते इतकं हळू होतं की आत बसलेल्याला समजतही नाही. दारं उघडी असतील आणि एसी जोरात असेल तर इंजिन बंद व्हायचं नावच घेत नाही. मोकळ्या रस्त्यावर त्या धुराचं काही वाटत नाही. पण कोंडलेल्या जागेत इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा आत ओढतं, प्राणवायू कमी पडतो, पेट्रोल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं. उन्हानंही तेच होतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग झोप लागते.

शटर खाली. जाळ्यांना ओल्या चादरी. फट राहू देऊ नका. आणि उभी असली की ती इलेक्ट्रिकच समज. यातलं एक वाक्यही दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "माझी लेक मरते आहे."

मी सगळं भडाभडा सांगितलं. तायडे साहेबांनी पोलिसांचा वायरलेस उचलला. पलीकडून सांगितलं, एक तास तरी लागेल, सगळ्या गाड्या दवाखान्यांकडे आहेत. मी म्हटलं, मी स्कूटरनं जाते. साडेसहा किलोमीटर. ते म्हणाले, "या उन्हात तू चौकाच्या पुढं जात नाहीस. अन् इथे मी एकटा राहिलो आणि दवाखान्याची वाहिनी पडली, तर?"

मोबाइल बंद, फोन बंद. पण गाड्यांशी आमचं बोलणं मोबाइलवरून चालत नाही, विजेच्या तारांमधूनच चालतं. त्या अकरा गाड्या अजून चार्जरला जोडलेल्या होत्या. ज्यांचा एसी मी बंद केला होता, त्याच गाड्यांमधून पार्किंगमध्ये माझा आवाज पोहोचू शकत होता.

फक्त बोलायचं काय ते आधीच ठरलेलं होतं. गाडीला मनाचा संदेश लिहिता येत नाही. नऊ छापील संदेश आहेत. एक, वीज घेतली जात आहे. दोन, धन्यवाद. मी भराभर खाली गेले. "इंजिन बंद करा" असं कुठे नव्हतं, कारण इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नसतं. सात नंबर होता: बॅटरीला आगीचा धोका, तत्काळ बाहेर पडा, परिसर रिकामा करा. त्याबरोबर भोंगा वाजतो, दिवे लुकलुकतात, दारं आपोआप उघडतात.

"सात पाठवते," मी म्हटलं. "घाबरून शटर उघडतील."

"आग आहे का?"

"नाही."

तायडे साहेब माझ्याकडे वळले. "केतकी, बाहेर काय हवा आहे ते तुला माहीत आहे. आग म्हटलं की परत कुणी आत जाणार नाही. वरही जाणार नाही. त्यांच्यात म्हातारे असतील. उन्हात काढशील त्यांना?"

"आत ठेवलं तर सगळे जातील."

"इंजिन सुरू झालंच आहे, हे तुला दिसतंय का?"

दिसत नव्हतं. तोच तर प्रश्न होता. जिल्ह्यातल्या तीस हजार गाड्या मला दिसत होत्या आणि माझी दिसत नव्हती. कदाचित तुषारला शंका आली असेल. कदाचित बाबांनी इंजिन ओळखून बंद केलं असेल, त्यांनी आयुष्य इंजिनापाशी काढलं आहे. कदाचित सगळे भिंतीला टेकून पाणी पीत बसले असतील आणि मी त्यांना उगाच उन्हात मारायला काढत असेन.

सात नंबरला दोन कार्डं लागतात, माझं आणि त्यांचं. त्यांनी आपलं कार्ड गळ्यातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला निघून गेले. माठ खोलीतच होता. ते बाहेर गेले.

तीन बावीसला मी सात नंबर पाठवला. अकरा लाल ठिपके नारिंगी झाले. मला काही ऐकू आलं नाही, काही दिसलं नाही. आकडे शून्यच राहिले. तायडे साहेब परत आले होते, पण मला जागेवरून उठता येत नव्हतं, कारण दवाखान्याची वाहिनी दर दहा मिनिटांनी डुगडुगत होती आणि ती सावरायला दोघं लागत होतो. मी सावरत राहिले. मधेच एकदा कचऱ्याच्या डब्यात ओकले आणि पुन्हा सावरत राहिले. साडेपाचला बाहेरून वीज आली.

तायडे साहेबांनीच मला घरी सोडलं. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली सगळी सोसायटी होती. जाळ्यांवरच्या चादरी खाली अंथरल्या होत्या आणि माणसं त्यावर पडलेली होती. ऊर्वी तुषारच्या मांडीवर होती. चेहरा पांढरा, फ्रॉकवर ओकारी. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. मी तिथेच फतकल मारून बसले.

"उठतच नव्हती वो," तुषार म्हणाला. "सारेच पेंगले होते. म्हटलं ऊन बाधलं. तं एकदम भोंगे सुरू झाले, अकराच्या अकरा. आग, आग. मी गाडी बंद करून इले उचललं तं माह्या पायात जीव नाई."

"शटरची साखळी मी वढली," बाबा म्हणाले. ते तळहाताकडे पाहत होते. "चौतीस वर्सं स्टेअरिंग धरलं या हातानं. आज साखळी धरवेना. काहून तं समजलं नाई."

ते समजलेली मी एकटीच होते.

थोड्या अंतरावर बायका जमल्या होत्या. मोहोड काकू मधे बसल्या होत्या आणि काका त्यांच्यासमोर चादरीखाली होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आगीच्या भीतीनं कुणी आत परत गेलं नाही, जिन्यानं वरही गेलं नाही. काका कडुलिंबाखाली सव्वा तास बसले आणि साडेचारच्या सुमाराला बसल्या जागी गेले.

अंधार पडायच्या आत मी एकटी पार्किंगमध्ये गेले. आमच्या गाडीची दारं उघडीच होती. तिच्या पडद्यावर दिवसाचा हिशोब असतो, किती चालली, किती थांबली. चालली शून्य किलोमीटर. इंजिन सुरू एक्कावन्न मिनिटं. मी पडदा बंद केला आणि वर आले. कुणाला काही बोलले नाही. ऊर्वी वाचली होती. तेवढंच मला हवं होतं, आणि बाकीचं सांगायची माझी छाती नव्हती.

बोलायची गरजही पडली नाही, कारण लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. इलेक्ट्रिक गाड्यांनी ऐन उन्हात दगा दिला, वर खोटी आग सांगून काकांचा जीव घेतला. आणि उमाळ्यांच्या, म्हणजे आमच्या, हायब्रिडनं सोळा जणांना गारव्यात सांभाळलं. लिफ्टमध्ये लोक मला थांबवून सांगायचे, काय नजर आहे तुमची, बरोबर गाडी हेरली. मी मान हलवायचे. तुषार अभिमानानं हसायचा. त्या हसण्यानं माझी झोप उडाली.

काकांची तेरवी झाली आणि दोन दिवसांनी मोहोड काकू आमच्याकडे आल्या. खांदे पडलेले, पण केस नीट विंचरलेले, हातात एक कागद.

"केतकी, आम्ही नऊ घरांनी ठरवलं," त्या म्हणाल्या. "त्या मेल्या इलेक्ट्रिक इकून टाकाच्या अन् तुमच्यावाली गाडी घ्याची. नवाच्या नव संगंच घेतल्या तं भाव कमी करतो म्हणे शोरूमवाला. तुही सही पाह्यजे याच्यावर. तू पहिली घेतली, तुह्या शब्दावर लोकं डोळे मिटून घेतात."

नऊ. मी ते पार्किंग डोळ्यांपुढे आणलं. पुढचा मे महिना, खाली ओढलेलं शटर, ओल्या चादरी आणि दहा गाड्या, दहाही हळूच आपापलं इंजिन सुरू करणाऱ्या. आतल्या खोलीत ऊर्वी तुषारला कविता म्हणून दाखवत होती.

"काकू, ती गाडी घेऊ नका."

"काहून?"

मी सांगितलं. इंजिनाचं सांगितलं, धुराचं सांगितलं, एक्कावन्न मिनिटांचं सांगितलं. भोंगे गाडीनं नव्हते वाजवले, मी वाजवले. आग नव्हती. आग नाही हे मला माहीत होतं.

काकूंनी कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजे तू वाजवलं नसतं, तं आम्ही सारेच तिथीच झोपलो असतो."

"हो."

"लेकरंबाळं सारी."

"हो."

"अन् वाजवलं म्हणून हे गेले."

काकूंनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला. "तू तरी काय करणार होतीस, माय," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मला थोपटत होत्या. मला वाटलं, झालं, इथेच थांबावं, एवढंच पुरे आहे.

पण काकूंनी चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे. त्यांचा हात थोपटता थोपटता थांबला.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "आमची गाडी भरेल होती. शंभर टक्के. म्या सकाळी सोता पाह्यलं होतं. आम्ही दोघं तिच्यात गार बसलो होतो. आम्हाले तुमच्या गाडीत या लागलंच काहून? आमचा एसी कोनं बंद केला?"

तुषार चहाचे कप घेऊन दारात उभा होता. तो कधी आला ते मला कळलं नव्हतं. तो काकूंकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता, आणि आपण इलेक्ट्रिक का घेतली नाही हे त्याला काकूंच्या आधी कळलं होतं.

"मी," मी म्हटलं.